धंद्याचे वावडे

२००५ सालच्या उन्हाळ्यात आमच्या घराची जुनी पडवी उतरवून नवी बांधण्याचे काम निघाले होते. त्या कामावर एक मिस्त्री येत. वय पंचेचाळिशीच्या आतबाहेर, बोलणे थोडे आणि हाताला विलक्षण सफाई. त्यांची भिंत ओळंब्याने तपासावी ती केवळ रीत म्हणून. चौथ्या की पाचव्या दिवशी चहाचा पेला घेताना त्यांचे हात आमच्या दृष्टीस पडले. बोटांच्या बेचक्यांत खोल भेगा, पंजाच्या पाठीवर लाल चट्टे, मनगटापाशी लस वाहून वाळलेली. विचारले तेव्हा कळले की वीस वर्षे त्यांनी याच हातांनी माल कालवला, पण कधी खाजही सुटली नाही. हे सारे अलीकडच्या दोन वर्षांतले. गावी आठ-पंधरा दिवस राहिले की हात निवळत, आणि कामावर परतून थापी धरली की तिसऱ्या दिवशी पुन्हा फुलत. घरच्या माणसांनी दृष्ट काढली होती. कोणी वांगे सोडायला सांगितले, कोणी आंबट. ठेकेदाराचे म्हणणे मात्र अगदी सरळ होते. तो आमच्यादेखतच म्हणाला, "मिस्त्री, बाकीचे चाळीस गडी याच सिमेंटात हात घालतात. तुमचेच हात तेवढे नाजूक कसे झाले?"

मिस्त्रींनी उत्तर दिले नाही. आम्हांलाही ते त्या वेळी देता आले नाही. पण प्रश्न मनात राहिला आणि पुढे त्याचा माग काढीत गेलो, तेव्हा ध्यानात आले की हा प्रश्न काही आमच्या ठेकेदाराने प्रथम विचारलेला नाही. ज्या ज्या धंद्यात माणूस आपल्या हाताने माल हाताळतो, त्या त्या धंद्यात तो शतकानुशतके विचारला गेला आहे. दोष हाताचा, की मालाचा? या एका प्रश्नाचा इतिहास आज श्रोत्यांपुढे ठेवण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करू. ज्याला आज सर्वत्र अ‍ॅलर्जी म्हणतात, त्याला आपल्या भाषेत 'वावडे' असा अस्सल शब्द आहे. वावडे आणि विष यांत मोठे अंतर आहे. विष माणसामाणसांत फारसा भेद करीत नाही. पुरेशी मात्रा पोटात गेली की राजा काय आणि रंक काय, दोघांनाही ते बाधते. भाजलेला चुना ओल्या हाताला लागला तर तो कोणाचाही हात पोळतो. वावड्याची रीत निराळी. ते शंभरांतून दोघा-चौघांना निवडते, बाकीच्यांना सोडून देते. आणि एकदा निवडले की मग मात्रा कितीही थोडी असो, त्या माणसाला पुरते. वावड्याची ही निवड बाकीच्यांना दिसत नाही, आणि म्हणूनच ज्याला वावडे होते तो इतरांच्या दृष्टीने नाजूक, कामचुकार किंवा दैवहीन ठरतो. विषाने आजारी पडलेल्याविषयी निदान कीव तरी वाटते; वावडे झालेल्यावर मात्र संशय येतो.

ही गोष्ट आपल्या लोकांना अगदी अपरिचित होती असे नाही. बिब्बा आपल्या घराघरांतला. दाराशी लिंबू-मिरचीबरोबर तो टांगतात, औषधातही घेतात. चरकाने भल्लातकाची तुलना अग्नीशी केली आहे, आणि नीट योजला तर तेच फळ अमृतासारखे गुणकारी होते असेही म्हटले आहे. त्याच बिब्ब्याविषयी आपल्या आजीबाई म्हणत, "तिला बिब्बा उततो हो, तिच्या हाती देऊ नका." या बोलण्यात फार सूक्ष्म निरीक्षण साठवलेले आहे. बिब्ब्याचे तेल तीव्र असल्याने ते कोणालाही चटका देऊ शकते. पण 'उतणे' म्हणजे केवळ चटका नव्हे. जिथे तेल लागले तिथून पुढे पसरणारी सूज, पुरळ, पाण्याचे फोड, आणि तेही कोणाला येतात, कोणाला नाही, हे त्या शब्दात अभिप्रेत आहे. परिटाचे तर बिब्ब्यावाचून चालत नसे. बिब्ब्याचा काळा रस कपड्याच्या कोपऱ्यावर टोचून त्यावर चुना दिला की कितीही धुतले तरी न जाणारी खूण होई. इंग्रजांनी या फळाचे नावच मुळी 'खुणेचे फळ' असे पाडले.

दुसऱ्या महायुद्धात या खुणेने एक कोडे उभे केले. हिंदुस्थानात आलेल्या गोऱ्या सैनिकांपैकी काहींच्या मानेवर, कमरेवर, पायावर ठरावीक जागी पुरळ उठू लागले. पाहता पाहता ध्यानात आले की कपड्यावर जिथे परिटाची खूण आहे, नेमकी त्याच जागी कातडी बिघडते. १९४३ साली अमेरिकन डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि बिब्ब्याला दोषी ठरवले. येथे एक नाते उघडकीस आले. अमेरिकेतील 'पॉयझन आयव्ही' नावाची वेल, जपान-चीनमधील लाखकामाचा वृक्ष, आपला बिब्बा, काजू आणि आंबा ही सारी एकाच कुळातली झाडे. त्यांच्या चिकाची घडण इतकी सारखी, की एकाने बिघडलेली कातडी दुसऱ्यालाही ओळखते. जपानी लाखकारागिरांमध्ये हा विकार पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. शिकाऊ मुलाचे तोंड सुजणे हा तिथे जणू धंद्यातील प्रवेशाचा संस्कारच. त्यांतल्या काहींना पुढे तो रस सोसू लागतो. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून गोमंतकात आणलेल्या काजूने तर कोकणात एक संपूर्ण धंदा उभा केला. काजूच्या टरफलातील तेलापासून हात राखण्यासाठी बी फोडणाऱ्या बायका बोटांना राख वा तेल चोळतात. बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या स्त्रियांच्या हातांची कळाही हीच. आपण गोडंबीचे लाडू खातो तेव्हा त्या हातांची आठवण सहसा होत नाही.

पण घरगुती शहाणपण म्हणजे शास्त्र नव्हे. धंदा आणि आजार यांची सांगड घालून पद्धतशीर ग्रंथ लिहिण्याचा मान इटलीतील बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याकडे जातो. याचा जन्म १६३३ सालचा. मोदेना शहरात हा वैद्यकाचा अध्यापक होता. त्याच्या घराच्या शौचकूपाची सफाई चालली असता, आत उतरलेला मनुष्य जिवाच्या आकांताने घाई करीत असल्याचे त्याला दिसले. त्याने विचारले, "एवढी घाई कशाला? सावकाश कर, म्हणजे दमणार नाहीस." तेव्हा त्या मनुष्याने मान वर करून सांगितले की या जागी चार तासांहून अधिक काळ राहिलो तर डोळे जातात. रामाझिनीने त्याचे डोळे तपासले, ते लाल व मंद झालेले होते. शहरातील अनेक आंधळे भिकारी पूर्वी हेच काम करीत, हेही त्याला दिसून आले. त्यातून १७०० साली त्याचा कामगारांच्या रोगांवरील लॅटिन ग्रंथ निघाला. या ग्रंथासाठी तो गिरण्यांत, भट्ट्यांत, कुंभारवाड्यात हिंडला. धान्य चाळणाऱ्या-मोजणाऱ्यांना धाप लागते आणि सर्वांगाला खाज सुटते, पिठात वावरणाऱ्या पाववाल्यांना खोकला व दमा जडतो, हे त्याने नोंदवून ठेवले. प्राचीन ग्रीक वैद्यांनी रोग्याला विचारण्याचे जे प्रश्न घालून दिले होते, त्यांत त्याने एकाची भर घातली: "तुझा धंदा कोणता?" आज हा प्रश्न अगदी साधा वाटतो. पण तो विचारण्यासाठी वैद्याला रोग्याच्या नाडीवरून दृष्टी उचलून त्याच्या हातांकडे पाहावे लागते, आणि ते सोपे नसते.

रामाझिनीनंतर धंद्यांच्या नावांनी विकार ओळखले जाऊ लागले. इंग्लंडात 'पाववाल्याची खाज', 'वाण्याची खाज' अशी नावे एकोणिसाव्या शतकातील त्वचारोगांच्या ग्रंथांत आढळतात. तथापि नाव मिळाले म्हणून कारण कळले असे होत नाही. सगळ्याच पाववाल्यांना खाज का सुटत नाही, आणि ज्याला सुटते त्याला पहिल्याच वर्षी का नाही, या शंकांना उत्तर नव्हते. मग उत्तराची जागा प्रकृतीने घेतली. ज्याला सोसत नाही त्याची प्रकृतीच तशी, रक्तच तसे, असे म्हटले की वैद्याचे काम संपे आणि मालकाचीही काळजी मिटे.

याच शतकाच्या शेवटी अमेरिकेत एक छोटी घटना घडली. तिच्याकडे आपल्याला पुढे पुन्हा वळायचे आहे. बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड हे ख्यातनाम शल्यविशारद होते. त्यांच्या शस्त्रक्रियागृहाची प्रमुख परिचारिका कॅरोलिन हॅम्प्टन. शस्त्रक्रियेपूर्वी हात पाऱ्याचा क्षार घातलेल्या जंतुनाशक पाण्यात बुडवीत, आणि त्या पाण्याने तिच्या हातांची कातडी खराब होऊ लागली. ही गोष्ट १८८९-९० च्या हिवाळ्यातली. हॉल्स्टेडनी तिला "तुझेच हात नाजूक" असे म्हटले नाही. त्यांनी गुडइयर रबर कंपनीकडून तिच्यासाठी पातळ रबरी हातमोज्यांचे दोन जोड मुद्दाम करवून घेतले. पुढे १८९० मध्ये दोघांचा विवाह झाला, आणि हातमोजे मात्र जगभरच्या शस्त्रक्रियागृहांत कायमचे वस्तीला आले. रोग्याला जंतूंपासून राखण्याचा त्यांचा उपयोग नंतर लक्षात आला. मुळात ते एका काम करणाऱ्या बाईचे हात वाचवण्यासाठी जन्मले.

पारा आणि कातडी यांचाच संबंध १८९५ मध्ये युरोपात एका निराळ्या रीतीने तपासला गेला. योझेफ यादासोन या जर्मन त्वचारोगतज्ज्ञापुढे असा रोगी होता की पाऱ्याच्या औषधाने ज्याच्या अंगावर पुरळ उठे. यादासोनने पाऱ्याचा लेप त्याच्या निरोगी कातडीवर पट्टीखाली बांधून ठेवला आणि वाट पाहिली. ठराविक काळाने पट्टीखालची तेवढीच जागा लाल होऊन उठली. हीच ती पट्टी-परीक्षा. आजही ती त्याच तत्त्वावर केली जाते: संशयित पदार्थ थोड्या, निरुपद्रवी मात्रेत पाठीवर दोन दिवस चिकटवून ठेवायचे आणि कोणती जागा बोलते ते पाहायचे. दिसायला क्षुल्लक अशा या युक्तीने प्रश्नाचे रूपच पालटले. तोपर्यंत "याचे हात नाजूक" एवढेच म्हणता येत होते. आता "याला पारा चालत नाही, शिसे चालते, निकेल चालते" असे नेमके सांगता येऊ लागले. संशय माणसावरून पदार्थावर सरकला.

पुढचे पाऊल व्हिएन्नात पडले. क्लेमेन्स फॉन पिर्के हे बालरोगतज्ज्ञ. घटसर्पावर त्या काळी घोड्याच्या रक्तापासून केलेली लस टोचीत. पहिल्यांदा टोचल्यावर काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप, पुरळ, सूज येई. पण दुसऱ्यांदा टोचले की तोच त्रास फार लवकर, कधी काही तासांत उठे. पिर्केंनी यातून जो निष्कर्ष काढला तो मोठा मार्मिक होता. औषध तेच होते, बदललेले होते ते शरीर. पहिल्या भेटीने शरीराने काही शिकून ठेवले होते. या 'पालटलेल्या प्रतिसादा'ला त्यांनी १९०६ साली दोन ग्रीक शब्द जोडून 'अ‍ॅलर्जी' हे नाव दिले. म्हणजे वावडे हा जन्माचा दुबळेपणा नसून शरीराने पत्करलेली एक ओळख आहे. ही ओळख कधी रक्तद्रवात राहते, जशी पाववाल्याच्या दम्यात. कधी ती पेशींमध्ये राहते. रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर यांनी मेरिल चेस यांच्याबरोबर १९४२ मध्ये दाखवून दिले की रसायनांनी कातडीवर उठणारे वावडे एका प्राण्यातून दुसऱ्यात नेता येते, पण रक्तद्रवाने नव्हे, पेशींनी.

आमच्या मिस्त्रींच्या "वीस वर्षे काही झाले नाही" या कोड्याचे उत्तर इथे मिळते. शरीराला ओळख पटायला एक आठवडा पुरतो, किंवा अर्धे आयुष्यही लागते. वारंवारचा संपर्क, भेगाळलेली कातडी, ओले काम ही सारी ती वेळ जवळ आणतात. म्हणजे जो अधिक काम करतो, अधिक वर्षे करतो, त्याच्याच वाट्याला हे येण्याचा संभव वाढतो. कामचुकाराला सिमेंटचे वावडे सहसा होत नाही!

आता सिमेंटकडे वळू. लीड्स येथील जोसेफ अ‍ॅस्पडिन याने १८२४ मध्ये 'पोर्टलंड सिमेंट'चे पेटंट घेतले. शंभर-सव्वाशे वर्षांत या राखाडी भुकटीने जग बांधून काढले. गवंड्यांचे हात तिने फुटत, पण तो दोष तिच्यातील चुन्याचा, क्षाराचा आणि खरखरीत कणांचा मानला जाई. १९५० साली येगर आणि पेलोनी या स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी सिमेंटने हात बिघडलेल्या कामगारांची पट्टी-परीक्षा केली, तेव्हा त्यांतले बहुतेक सारे एका भलत्याच पदार्थाला उठले. तो पदार्थ क्रोमियमचा क्षार. कच्च्या मालात क्रोमियमचा लेश असतो. भट्टीच्या प्रखर उष्णतेत त्याचे पाण्यात विरघळणारे रूप तयार होते, आणि ओले सिमेंट हाताळताना ते कातडीत शिरते. त्याचे प्रमाण इतके अल्प, की रसायनाच्या जमाखर्चात कोणी त्याची नोंदही घेतली नसती. नोंद घेतली ती गवंड्यांच्या कातडीने.

कारण कळल्यावर उपाय फार दूर नव्हता, आणि तो अगदी स्वस्त निघाला. हिराकस आपल्या पूर्वजांना शाई करण्यासाठी ठाऊक होता. हाच हिराकस थोड्या प्रमाणात सिमेंटात मिसळला की क्रोमियमचे ते विरघळणारे रूप मोडते आणि जवळजवळ निरुपद्रवी होते. डेन्मार्कने १९८३ मध्ये कायदा करून सिमेंटातील विरघळणाऱ्या क्रोमियमवर दहा लाख भागांत दोन भाग अशी मर्यादा घातली. काही वर्षांनी तेथील कामगारांची पुन्हा तपासणी झाली तेव्हा क्रोमियमचे नवे वावडे स्पष्टपणे घटलेले आढळले. तेच गवंडी, तीच थापी, तेच हात. बदलला होता तो माल. ठेकेदाराच्या प्रश्नाचे याहून रोकडे उत्तर कोणते असू शकेल? फिनलंडने १९८७ मध्ये हाच मार्ग धरला, आणि अखेर युरोपीय संघाचा तसाच नियम लागू झाला तो जानेवारी २००५ मध्ये. ज्या उन्हाळ्यात मिस्त्री आमची पडवी बांधत होते, त्याच वर्षीची ही गोष्ट. शोध आणि कायदा यांच्यामध्ये पंचावन्न वर्षे गेली. त्या वर्षांत किती हातांतून थापी सुटली याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

इतिहास येथे सुखान्त झाला असता. पण हॉल्स्टेडचे हातमोजे अजून बाकी आहेत. १९८० नंतर एड्सच्या भीतीने रुग्णालयांत हातमोज्यांचा वापर कैक पटींनी वाढला. ते रबराच्या चिकाचे, आणि चटकन चढावेत म्हणून आतून मक्याच्या पिठाची पूड लावलेले. चिकातील प्रथिने त्या पुडीवर बसून हवेत उडू लागली. रबरी हातमोज्याने अंगावर गांधी उठल्याचा एक वृत्तान्त इंग्लंडमध्ये १९७९ सालीच प्रसिद्ध झाला होता. पुढील दशकात परिचारिका आणि डॉक्टर यांच्यात तो नित्याचा विकार झाला, कोणाला शिंका, कोणाला दमा, क्वचित जिवावरचे संकट. एका परिचारिकेचे हात वाचवायला जी वस्तू निघाली, तीच शंभर वर्षांनी हजारो परिचारिकांच्या मुळावर आली. येथेही उपाय मालातच सापडला. जर्मनीने पुडीचे रबरी हातमोजे बंद केल्यावर नव्या तक्रारी झपाट्याने ओसरल्या. अमेरिकेने पुडीच्या हातमोज्यांवर २०१७ मध्ये बंदी आणली. यातून एक बोध घ्यावा. सुरक्षिततेसाठी आणलेली वस्तूही माल आहे, आणि तिच्याविषयीही काम करणाऱ्याचे म्हणणे ऐकावे लागते.

आपल्याकडे काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या परिशिष्टात रसायने व रंग यांच्या संपर्काने होणारा त्वचादाह कळवण्याजोग्या रोगांत घातला गेला, आणि त्याचे दोन प्रकारही नमूद झाले: थेट दाह करणारा आणि वावडे उत्पन्न करणारा. ज्याने हे कलम लिहिले त्याला यादासोन आणि पिर्के ठाऊक होते. पण आमचे मिस्त्री कोणत्या कारखान्यात होते? ते आज या पडवीवर, उद्या त्या गच्चीवर. त्यांच्या हाताचा रोग कोणी कोणाला कळवावा?

पडवी पूर्ण झाल्यावर वर्षभराने ते बाजारात भेटले. धंदा सोडून भाजीची गाडी लावली होती. हात बरेच निवळले होते, पूर्ण नव्हे. क्रोमियमचे वावडे एकदा जडले की ते पुष्कळदा जन्माची सोबत करते. वीस वर्षांत कमावलेली नजर आणि हातोटी मात्र त्या गाडीवर कुठेच उपयोगी पडत नव्हती. हातांविषयी विचारले तेव्हा ते म्हणाले, "माझ्याच नशिबात होतं साहेब, बाकीच्यांना कुठं काय झालं?" ठेकेदाराचा प्रश्न त्यांनी आता स्वतःचाच करून घेतला होता. त्यांना पट्टी-परीक्षेची, हिराकसाची, डेन्मार्कची गोष्ट सांगण्याइतके ज्ञान त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. म्हणून ती आज आपणांस सांगितली. श्रोत्यांपैकी कोणी घर बांधीत असेल, कोणाची बेकरी, छापखाना, रंगाचे दुकान वा केशकर्तनालय असेल. आपल्याकडे काम करणारा एखादा मनुष्य उद्या हात पुढे करून दाखवील, तेव्हा रामाझिनीचा प्रश्न आठवावा, आणि "बाकीच्यांना कसे काही होत नाही?" असे म्हणण्यापूर्वी पोत्यात काय आहे ते एकदा पाहावे, एवढीच आमची विनंती आहे.